धक्का विभागातला अबोला

जवळचे नातेवाईक एकाच विभागात नेमायचे नाहीत, असा वेधसंस्थेचा नियम होता. तरी सूर्यधक्का विभागात सख्ख्या नणंद-भावजया समोरासमोरच्या टेबलांवर बसत होत्या. त्यांच्यासाठी नियमाला अपवाद केला होता आणि अपवादाचं कारण एका ओळीत दिलेलं होतं: 'सदर दोघी एकमेकींशी बोलत नाहीत.'

ही ओळ विभागप्रमुखांची. संस्थेत त्यांना सगळे दुर्बीण म्हणत. सूर्याच्या कडेला उडालेला एवढासा भडका त्यांना दिसे, पण स्वतःच्या सदऱ्याचं चुकलेलं बटण दिसत नसे. नोकरीची पहिली वर्षं त्यांनी सूर्यावर संशय घेण्यात घालवली होती. पुढे ही पद्धत माणसांनाही लागू पडते असं त्यांच्या लक्षात आलं.

विभागाचं काम सांगायला सोपं होतं. सूर्यावर मधूनच स्फोट होतो आणि तापलेल्या वायूचा अवाढव्य लोट बाहेर फेकला जातो. सूर्याकडून एरवीही वारा वाहतच असतो, पण हा लोट त्या वाऱ्यापेक्षा जोरात येतो. रांगेत मागून कुणी दांडगा घुसला की पुढची माणसं जशी एकमेकांवर दाबली जातात, तसा पुढचा वारा दाबला जातो आणि धक्क्याची एक लाट तयार होते. पृथ्वीच्या अलीकडे, सूर्याच्या बाजूला, पंधरा लाख किलोमीटरवर एक यान पहाऱ्याला ठेवलेलं आहे. लाट त्याच्यावरून गेली की त्याच्या नोंदींमध्ये वेग, घनता, तापमान आणि चुंबकक्षेत्र अशा चारही रेषा एकदम उडी मारतात. ती उडी नेमकी कुठल्या मिनिटाला सुरू झाली हे स्क्रीनवर पाहायचं आणि माउसने तिथे खूण करायची. एवढंच.

हे काम प्रोग्रॅमवर सोपवून पाहिलं होतं. पण यानाने नुसती कूस बदलली तरी प्रोग्रॅम 'धक्का, धक्का' म्हणून ओरडे. म्हणून माणसं बसवली. माणसाचाही एकट्याचा भरवसा नको म्हणून दोन. दोघांनी स्वतंत्रपणे, एकमेकांचं न बघता खूण करायची; मग दोन्ही वेळांची सरासरी काढून ती सूचीत जाणार. सूर्याचा धक्का कधी आला हे जगाला या सूचीवरून कळायचं.

"दुसरीकडे खुणा करणारे दोघे एकत्र चहाला जातात," दुर्बीण परिषदांमध्ये सांगत. "आमचे दोन निरीक्षक गेली सहा वर्षं एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत." यावर टाळ्या पडत. मग ते दोघींच्या खुणांमधल्या फरकाचा आलेख दाखवत. सरासरी तीन मिनिटं. "हा निरोगी फरक आहे. दोन प्रामाणिक माणसं इतपत वेगळं पाहणारच."

त्या निरोगी फरकाचं मूळ एका लोखंडी कपाटात होतं. कपाट नणंदेचं, पण तिच्या खोलीत मावेना म्हणून भावजयीच्या खोलीत उभं. सकाळी कपडे काढायला नणंद दार न वाजवता आत यायची. भावजय एकदा म्हणाली, "कपाटाला आत ठेवून घेतलंय, तुम्हाला नाही." नणंद म्हणाली, "घर माझ्या वडिलांनी बांधलंय." अशा वाक्यांनंतर बोलण्यासारखं काही उरत नाही, आणि त्या खरोखरच बोलल्या नाहीत. पुढे कपाट विकलं, घर सुटलं, सगळे संस्थेच्या वसाहतीत राहायला आले; अबोला मात्र सामानाबरोबर आला.

नणंदेला भावजय वन्सं म्हणायची आणि भावजयीला नणंद वहिनी. बोलणं बंद झाल्यावर ही नावं घरात वापरात राहिली नाहीत, तेव्हा ती संस्थेने उचलली. शिपायापासून संचालकबाईंपर्यंत सगळे त्यांना वन्सं आणि वहिनीच म्हणत.

दोघींच्या मधे दादा होता. वहिनीचा नवरा, वन्संचा भाऊ, शाळेत भूगोल शिकवायचा आणि घरी टपालाचं काम करायचा.

"अहो, तुमच्या बहिणीला सांगा, गीझर बंद करायचा असतो."

"दादा, तुझ्या बायकोला सांग, मी तो चालूच केला नव्हता."

दादा मधे उभा राहून दोन्हीकडे मान हलवायचा. निरोप पोचवायची गरज नसे, पण तो मधे उभा नसला तर दोघी गप्प बसत आणि गीझर रात्रभर चालू राही.

वहिनीची नोकरी कायमची होती. वन्संची दरवर्षी नव्या कराराची. त्याआधी तिने कितीतरी वर्षं शिकवणीवर्गात भौतिकशास्त्राचे तेच ते धडे, त्याच त्या विनोदांसकट, शिकवले होते. लग्नाचा विषय तिने स्वतःच बंद केला होता, शिकवणीचा बंद करायची सोय नव्हती. मग ही जागा मिळाली. पहिल्या दिवशी स्क्रीनवर चार सपाट रेषा एकदम उसळलेल्या पाहिल्या आणि तिच्या लक्षात आलं, की ही लाट यानावरून गेल्याचं या घटकेला पृथ्वीवर आपल्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. वहिनीला ठाऊक होतं, पण वहिनीशी बोलणं नसल्यामुळे ती धरायची नाही. ही नोकरी गेली तर परत त्याच धड्यांवर, एवढं वन्संला पक्कं माहीत होतं.

सगळं असं छान चाललेलं असताना दादाला मूतखडा झाला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "दुखतंय कुठल्या बाजूला?" दादा बोलण्याच्या पलीकडे गेला होता.

"डावीकडे," वन्सं म्हणाली.

"उजवीकडे," वहिनी म्हणाली.

"अहो, मी पाहिलं ना, डावा हात दाबून बसला होता."

"डावा हात उजव्या बाजूला दाबून बसले होते, वन्सं. नीट बघत चला."

डॉक्टर दादाला आत घेऊन गेले आणि बाकावर बसल्यावर दोघींच्या लक्षात आलं, की आपण बोललो. आता बोललोच आहोत तर, म्हणून वहिनी म्हणाली, "पाणी प्या, पाणी प्या म्हणून माझी जीभ झिजली."

"लहानपणापासून असाच आहे तो. आई भांडं घेऊन घरभर मागे धावायची."

"मग आधी सांगायचं नाही का? मी केलंच नसतं लग्न."

"म्हणून तर सांगितलं नाही."

खडा पडेपर्यंत दोघींनी सहा वर्षांचं साचलेलं बोलून घेतलं. घरी येताना वन्सं एकदम वाटेतच थांबली. वहिनीने विचारलं, "आता काय झालं?"

"माझी नोकरी," वन्सं म्हणाली. "आपण बोलत नाही म्हणून आहे ती."

अपवादाचं कारण गेलं की अपवाद जातो आणि मागाहून आलेला माणूसही. दोघींनी ठरवलं, की समेट घरात ठेवायचा, कचेरीत भांडण पूर्वीसारखंच चालू राहील. दादाला शपथ घातली. वसाहतीत दुर्बिणींची गॅलरी नेमकी यांच्या स्वयंपाकघरासमोर होती, म्हणून तिथे जाडसर पडदा लावला. आणखी एक नियम वहिनीने घातला: घरी कामाचं बोलायचं नाही. धक्का कुठे लावला, कसा लावला, चकार शब्द नाही.

"नोकरी टिकवायला अबोला खोटा दाखवू," ती म्हणाली, "पण खुणा खऱ्या राहिल्या पाहिजेत."

पण नाटक करणाऱ्याला नेहमी वाटतं, की प्रेक्षकाला कमी ऐकू येतं. खरं वैर होतं तेव्हा दोघी निमूट आपापल्या स्क्रीनकडे बघत बसायच्या. आता वहिनी ड्रॉवर आपटू लागली. वन्सं पंख्याचं बटण बंद करून 'कुणाला उकडत असेल तर असो' असं खिडकीला सांगू लागली. एकदा दोघींनी एकाच वेळी नाकं मुरडली. शिपाई चहा ठेवताना थबकला.

"काय हो, भांडण वाढलं का तुमचं?" त्याने वहिनीला विचारलं.

"तुम्हाला काय करायचंय?"

"मला काय करायचंय? सर विचारत होते."

सर विचारत होते, कारण त्यांना सकाळच्या फिरण्यात दादा भेटला होता. समेट झाल्यापासून दादाचं महत्त्व पार गेलं होतं. दोघी मिळून त्याला तासातासाला पाणी पाजत, दोघी मिळून त्याच्या घोरण्यावर बोलत, आणि तो खोलीत आला की गप्प होत. या दोघींचं आपल्याविरुद्ध काहीतरी शिजतंय असा त्याचा संशय होता. दुर्बिणींनी "कसं काय?" विचारल्यावर त्याच्या तोंडून निघून गेलं, "हल्ली घरात फार शांतता आहे हो."

"शांतता?" दुर्बीण थांबले.

"म्हणजे भांडणाची शांतता," दादा म्हणाला आणि भराभर चालू लागला. मूतखडा झालेला माणूस इतक्या वेगाने का चालतो, हा प्रश्न दुर्बिणींना दिवसभर पुरला.

दुपारी त्यांनी फरकांचा आलेख काढला. सहा वर्षं तीन मिनिटांच्या आसपास नांदणारी रेघ गेल्या काही महिन्यांत खाली उतरत गेली होती. शेवटचे सगळे धक्के शून्यावर. दोघींनी बरोबर त्याच मिनिटाला खुणा केल्या होत्या. दुसऱ्या कुणी हे पाहिलं असतं तर म्हटलं असतं, वा, नजर तयार झाली. दुर्बिणींनी ते पाहून खोलीची खिडकी लावून घेतली.

शून्याचं वन्संलाही नवल वाटत होतं. तिला वहिनीच्या खुणा दिसत नसत. फक्त सूचीत सरासरी छापून आली की ती आपल्याच वेळेशी तंतोतंत जुळलेली दिसे. एकदा दोनदा ठीक आहे. दर खेपेला? तिच्या मनात आलं, आपण चहाला उठतो तेव्हा आपल्या स्क्रीनकडे कुणी बघत तर नसेल? त्याच आठवड्यात वहिनी डबा धुवायला जाताना स्वतःची स्क्रीन बंद करून जाऊ लागली. वन्संने ते पाहिलं. म्हणजे वहिनीलाही तोच संशय होता, आणि तो हिच्यावर होता.

अखेर एका संध्याकाळी पडदा नीट ओढून वन्सं म्हणाली, "नियम मोडते. एक खरं सांगू का? पूर्वी, बोलत नव्हतो तेव्हा, मी खूण थोडी पुढे सरकवायचे. म्हटलं, तुमच्याशी जुळायला नको. दीड मिनिटाची तर बाब."

वहिनीने भांडं खाली ठेवलं. "मी मागे सरकवायचे."

"का?"

"का म्हणजे? तुम्ही जिथे लावाल तिथे मी लावू?"

दोघी हसत सुटल्या. दादा पाहायला आला, दोघी गप्प झाल्या, तो संशयाने पाणी पिऊन परत गेला. मग वन्संने बोटांवर हिशेब केला. एकीचं पुढे, एकीचं मागे. सरासरी नेमकी खऱ्या जागी. सहा वर्षांची सूची बिनचूक होती. आता दोघी खरं पाहत होत्या तिथेच खूण करत होत्या, म्हणून खुणा जुळत होत्या.

"मग परत थोडं इकडे तिकडे करू या का?" वन्सं म्हणाली. "सरांनी आलेख काढलाय म्हणे."

"नाही," वहिनी म्हणाली. "तेव्हा रागात होतो, ते वेगळं. डोकं ठिकाणावर असताना सूर्याबद्दल खोटं लिहायचं? माझ्याच्याने नाही होणार." आणि वातावरण हलकं करावं म्हणून तिने जोडलं, "शिवाय तुमची नजर खरंच इतकी तयार झालीय का, ते एकदा तपासायलाच हवं."

हे शेवटचं वाक्य ती तिथेच विसरली. वन्सं ते घेऊन झोपली.

पुढच्या धक्क्याच्या वेळी दुर्बिणींनी सापळा लावला. दोघींच्या फाइली तेच पाठवत असत. या खेपेला वन्संच्या फाइलीत त्यांनी यानाचं घड्याळ एक तास पुढे केलं. दोघी खरोखर स्वतंत्रपणे काम करत असतील तर वन्संची खूण तासभर पुढे येणार. आतून बोलत असतील तर जुळणार. सापळा फारच सुबक होता. संध्याकाळी खुणा आल्या. फरक शून्य.

दुसऱ्या दिवशी दोघींना संचालकबाईंच्या खोलीत बोलावणं आलं. संचालकबाई कुठल्याही गोष्टीला 'असू शकतं' म्हणत म्हणत त्या खुर्चीपर्यंत पोचल्या होत्या. दुर्बीण बाजूला उभे होते.

"सर म्हणतात, तुम्ही दोघी बोलता," संचालकबाई म्हणाल्या. "आणि बोलून खुणा जुळवता. कालच्या धक्क्यावरून ते सिद्ध झालंय म्हणे."

वन्संचा करार संपायला महिना उरला होता. "कालच्या धक्क्याबद्दल मलाच सांगायचं होतं," ती म्हणाली. "माझ्या फाइलीत यानाचं घड्याळ चुकलं होतं. त्या घड्याळाप्रमाणे लाट यानावर पोचायच्या आधीच जमिनीवरच्या केंद्रांत चुंबकक्षेत्र हललं होतं. पाहुणा आधी स्वयंपाकघरात आणि मग फाटकात, असं कसं होईल? लाटेच्या वेगावरून मागे हिशेब केला, तर घड्याळ बरोबर एक तास पुढे निघालं. तास वजा करून खूण केली."

संचालकबाई दुर्बिणींकडे वळल्या. "यानाचं घड्याळ तासभर चुकलंय? मग यान चालवणाऱ्यांना आत्ताच्या आत्ता कळवायला हवं."

"नको नको," दुर्बीण म्हणाले. "यानाचं घड्याळ बरोबर आहे."

"कशावरून?"

"मी... ते मी पुढे केलं होतं."

"यानाचं?"

"फाइलीतलं. चाचणी म्हणून."

"तुम्ही विभागाच्या नोंदीत खोटी वेळ घातलीत."

"खरेपणा तपासायला," दुर्बीण म्हणाले. मग सावरले. "पण बाई, हा हिशेब नंतर रचलेला असू शकतो. आधी भावजयीला वेळ विचारली, मग आकडेमोड बसवली."

"असू शकतं," संचालकबाई म्हणाल्या आणि पुन्हा वन्संकडे पाहू लागल्या. "बरोबर एक तास म्हणजे माणसाचा हात, हे तुमच्या ध्यानात आलं असणार. मग तुम्ही कुणालाच का नाही सांगितलंत?"

वन्संला थाप सुचेना तेव्हा खरं बाहेर आलं. "मला वाटलं, हे वहिनींनी केलंय."

"मी?" वहिनी म्हणाली.

कचेरीत तिने वन्संला उद्देशून उच्चारलेला हा सहा वर्षांतला पहिला शब्द. दुर्बिणींनी मान वर केली.

"तुम्हीच म्हणाला होतात, माझी नजर एकदा तपासायला हवी म्हणून!"

"कधी म्हणाल्या?" संचालकबाईंनी विचारलं.

खोलीत घड्याळ नव्हतं, नाहीतर ते ऐकू आलं असतं. "दादाकरवी," वन्सं म्हणाली.

"हो, यांच्याकरवी," वहिनीने लगेच भर घातली. एवढं एक वाक्य तिने वन्संच्या बाजूने सांभाळलं. मग तिचा चेहरा बदलला. "आणि गंमत होती ती. गंमत कळत नाही तुम्हाला?"

"तुमच्या गमती नेहमी दुसऱ्याच्या पोटावर असतात."

"मी फाइल बिघडवीन? मी? तुमच्या नोकरीसाठी मी इतके महिने..." वहिनी थांबली. जीभ आवरली. "इतकी वर्षं समोर बसलेय तुमच्या. एवढंच ओळखलंत?"

हे ती हळू आवाजात म्हणाली. ड्रॉवर आपटताना, नाक मुरडताना तिचा आवाज कधी असा खाली गेला नव्हता, हे वन्संने टिपलं.

"हे भांडण मला खरं वाटतंय," संचालकबाई म्हणाल्या.

"नाटकही असू शकतं," दुर्बीण म्हणाले.

"असू शकतं." संचालकबाईंनी विचार केला. "तुमच्या घड्याळाचं काय करायचं ते मी नंतर बघते. पुढचा धक्का येईल तेव्हा मी स्वतः त्या खोलीत बसेन. दोघींना सारख्या फाइली द्या, माझ्या हातून. नेहमीचा निरोगी फरक आला तर प्रकरण मिटलं, करार पुढे चालू. शून्य आला तर या बोलतात असं धरू, आणि वन्संचा करार संपेल."

"आणि दोघींनी बरोबर खूण केली म्हणून शून्य आला तर?" वहिनीने विचारलं.

"तसंही असू शकतं," संचालकबाई म्हणाल्या. "पण करार संपेल."

त्या संध्याकाळी वन्संने स्वयंपाकघरात जाऊन म्हटलं, "वहिनी, चुकलं माझं."

वहिनीने वर पाहिलं नाही. "अहो," तिने बाहेर हाक मारली, "तुमच्या बहिणीला सांगा, दूध तापवून ठेवलंय."

दादा हातात पाण्याचा पेला घेऊन आला आणि दोघींकडे आळीपाळीने पाहत राहिला. वन्संने खिडकीकडे पाहिलं. पडदा अर्धा उघडा होता, आणि समोरच्या गॅलरीत दुर्बीण झाडांना पाणी घालत होते. त्यांच्याकडे कुंड्या दोनच होत्या. म्हणजे वहिनी सावधपणे वागतेय, असं वन्संने मनाला सांगितलं. मग तिने पुढे होऊन पडदा ओढला आणि वाट पाहिली. वहिनी दूध ओतून झाल्यावर दिवा बंद करून निघून गेली.

सूर्याने फार दिवस ताटकळत ठेवलं नाही. स्फोट झाल्याचं कळलं, आणि दोन दिवसांनी दुपारच्या चहाच्या सुमारास यानाच्या चारही रेषा उसळल्या. संचालकबाईंनी दोन्ही टेबलांच्या मधे खुर्ची मांडली. मधोमध शिपायाने एक मोठा पुठ्ठा उभा धरला होता. दुर्बीण भिंतीला टेकून उभे होते.

वन्संने फाइल उघडली. लाट सुंदर होती. अगदी सरळ उभी, पोरानेसुद्धा चुकू नये इतकी स्पष्ट. कुठल्या मिनिटावर खूण करायची यात शंकेला जागा नव्हती, आणि तेच वाईट होतं. तिने हिशेब मांडला. वहिनी डोकं ठिकाणावर असताना सूर्याबद्दल खोटं लिहिणार नाही. ती खऱ्या जागीच खूण करणार. म्हणजे सरकायचं असेल तर आपणच सरकायला हवं. पुढे, तीन मिनिटं, पूर्वी दोघी मिळून सरकत होतो तेवढं. कुणालाही कळणार नाही. तिने माउस उजवीकडे नेला.

रेषांची उडी डावीकडे राहिली. इथे, या जागेवर, काहीच घडलेलं नव्हतं; लाट आधीच येऊन गेली होती. सहा वर्षं रागाच्या भरात हे कसं जमत होतं, ते तिला आठवेना. शिकवणीच्या वर्गातला फळा डोळ्यांपुढे आला, त्यावरचे तेच धडे आले. तिने माउस परत आणला आणि उडी जिथे होती तिथे खूण केली. मग हात मांडीवर ठेवून बसून राहिली. गेली नोकरी.

संचालकबाईंनी दोन्ही वेळा पाहिल्या. पुन्हा पाहिल्या. "वहिनींची खूण आधी आहे," त्या म्हणाल्या. "फरक तीन मिनिटं."

"निरोगी!" दुर्बीण भिंतीपासून सुटले. त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी शिपायाचा हात हातात घेतला आणि पुठ्ठा खाली पडला. "मी म्हणतच होतो. सहा वर्षांची परंपरा आहे."

"करार पुढे चालू," संचालकबाई म्हणाल्या. "सरासरी काढून सूचीत घाला."

सरासरी निघाली. सूर्याचा धक्का प्रत्यक्षात आला त्याच्या दीड मिनिट आधी आला, असं जगासाठी नोंदवलं गेलं.

पुठ्ठा पडल्यामुळे वन्संला वहिनी समोर दिसली. वहिनी चष्मा पुसत होती. तिने खूण मागे सरकवली होती. जे होणार नाही म्हणाली होती, तेच केलं होतं. नणंदेची नोकरी वाचावी म्हणून? की पूर्वी करत होती त्याच कारणाने, तुम्ही जिथे लावाल तिथे मी लावणार नाही म्हणून? वन्संने तिच्या स्क्रीनवरची ती छोटीशी उभी रेघ मनातच पाहिली. माया असती तरी ती तिथेच पडली असती आणि राग असता तरी तिथेच.

"वहिनी," ती सगळ्यांसमोर म्हणाली. दुर्बीण वळले.

वहिनीने चष्मा डब्यात ठेवला, डबा पर्समध्ये टाकला आणि उठली. वाटेत वन्संची खुर्ची होती.

"सर," वहिनी म्हणाली, "यांना सांगा, खुर्ची जरा पुढे घ्या. मला जायचंय."

वन्संने खुर्ची पुढे घेतली.